रिमोटला शिवलेली खोळ

वहिनी,

तुम्ही परवा फोनवर म्हणालात, "वन्सं, सगळ्या जगाबद्दल लिहिता, माझ्याबद्दल कधी लिहिणार? मी गेल्यावर?" गेल्यावर लिहून काय उपयोग? चुका काढायला तुम्ही थोड्याच असणार! म्हणून आत्ताच लिहिते. एका डोळ्याने का होईना, आता तुम्हाला बारीक अक्षर दिसतं. नीट वाचा आणि जिथे खोटं वाटेल तिथे टाचणी टोचून ठेवा.

एक अडचण आहे. पत्रात 'तुम्ही, तुम्ही' करत राहिले तर तुम्हाला ठाऊक असलेलं सगळं मी गाळीन, आणि बाकीच्या वाचणाऱ्यांच्या हाती भोपळा येईल. म्हणून इथून पुढे तुम्ही 'वहिनी', तुमचे हे, म्हणजे माझा थोरला भाऊ, 'दादा', आणि मी नुसती 'नणंद'. नणंद म्हटलं की लोक आधीच वाईट मत करून घेतात, त्यामुळे माझं काम सोपं होईल. रिमोटवाल्याचं प्रकरण सगळं येणार आहे. रुसू नका.

वहिनींच्या घरात उघडं असं काही नसतं. मिक्सरला खोळ, इस्त्रीला खोळ, पंख्याच्या पात्यांना न वापरायच्या दिवसांत खोळ, फ्रिजच्या मुठीला मोजा, पाण्याच्या बाटलीला अंगरखा. नणंद एकदा म्हणाली, "वहिनी, मी इथे फार वेळ बसले तर माझंही माप घ्याल."

"घेतलं असतं वन्सं," वहिनी सुईत दोरा ओवता ओवता म्हणाल्या, "पण एवढं कापड आणायचं कुठून?"

या खोळींना कारण होतं. वहिनींची सगळी नोकरी एका मोठ्या हॉस्पिटलच्या शिवणखोलीत गेली. तळघरात, कपडे धुण्याच्या खात्याला लागून एक लांबट खोली. खिडकी म्हणजे छताजवळ हातभर फट, तिच्यातून रस्त्यावरच्या माणसांचे फक्त पाय दिसत. फाटलेल्या चादरी, उशांचे अभ्रे, पेशंटचे सदरे, सर्जनचे हिरवे झगे, सगळं तिथे येई. चादर मधोमध विरली म्हणून टाकायची नाही. ती मधून उभी कापायची, धड राहिलेले दोन काठ आत आणून एकमेकांना जोडायचे आणि विरलेला भाग कडेला जाऊ द्यायचा. चादर पुन्हा उभारी धरते. तीही दमली की तिचे अभ्रे, आणि अभ्रे दमले की फरशी पुसायची फडकी. प्रत्येक कपड्याच्या कोपऱ्यात दोऱ्याच्या गाठी घालायच्या. पुरुषांच्या वॉर्डाला एक, बायकांच्या वॉर्डाला दोन, मुलांच्या वॉर्डाला तीन. दिवे गेले तरी नर्सला बोटांनी कळलं पाहिजे. आणि सगळ्यांत मोठा नियम म्हणजे पेशंटच्या हाती उघडी वस्तू द्यायची नाही. गरम पाण्याच्या पिशवीला खोळ, बर्फाच्या पिशवीला खोळ. एखादी वस्तू तशीच वर गेली की मोठ्या सिस्टर खाली उतरून सगळ्यांची बिनपाण्याने करत.

नोकरी संपली, पण नियम वहिनींच्या बोटांत राहिला. आणि मग पेशंट घरातच आला.

दादा बसचा कंडक्टर. जिभेवर साखर कधीच नव्हती, पण आवाज असा की मागच्या दाराला लटकलेला माणूस त्या आवाजानेच आत ढकलला जाई. त्याला अर्धांगाचा झटका आला तेव्हा उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. सगळं गेलं, एक शब्द राहिला. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी. घर रिकामं करून माणसं निघून जावीत आणि भिंतीत एखादा खिळा राहून जावा, तसं. दादाचा खिळा होता "चला".

पाणी हवं, "चला." उशी सरकवायची आहे, "चला." शेजारीण फार वेळ बसली, "चला." राग, भूक, लाज, सगळं त्या एका शब्दात. सूर तेवढा वेगळा. जोडीला लोखंडी खाटेच्या दांडीवर डाव्या हाताच्या अंगठीने तो टोला देई. एक टोला म्हणजे थांबा, दोन टोले म्हणजे जाऊ द्या. जन्मभर घंटीची दोरी ओढलेला माणूस, सवय कुठे जाते? वहिनींना सगळे सूर पाठ झाले होते, पण पाठ झालं म्हणून दमणूक कमी होत नाही.

सगळ्यांत जास्त "चला" टीव्हीसाठी. दादाने एकही कार्यक्रम शेवटपर्यंत पाहिला नाही. बातम्या लागल्या, "चला." सामना लागला, जरा पाहिला, "चला." हत्ती, स्वयंपाक, भांडणारे पुढारी, "चला, चला." प्रत्येक चॅनेल त्याला एक स्टॉप होता, आणि स्टॉपवर बस किती वेळ उभी ठेवायची? पण टीव्ही बंद केला की तो भिंतीकडे तोंड करून पडे, आणि मग जेवणही नको. ते वहिनींना बघवत नसे.

आता या टीव्हीला रिमोट तीन. एक टीव्हीचा, एक खालच्या बॉक्सचा, आणि एक त्या लांबट स्पीकरचा. दादाला एका कानाने कमी ऐकू येतं म्हणून लांब राहणाऱ्या मुलाने तो स्पीकर पाठवला होता. पहिल्याने चित्र लावायचं, दुसऱ्याने चॅनेल बदलायचं, तिसऱ्याने आवाज वाढवायचा. तिघेही काळे, लांबोडके, सख्ख्या भावांसारखे, आणि भावांसारखेच एकमेकांचं न ऐकणारे. ते आले तेच कंपनीच्या पारदर्शक प्लास्टिकमध्ये, आणि वहिनींनी त्यालाच खोळ मानून ते कधी काढलं नव्हतं. दादा डाव्या हाताने चुकीचा उचले, भलतंच बटण दाबे, आणि पडदा निळाशार होई. निळा झाला की दांडीवर एकामागून एक टोले आणि "चला! चला!" वहिनी स्वयंपाकघरातून हात पुसत येत. दिवसभर येत. बूड टेकलं की उठायचं, उठलं की टेकायचं. पाय सुजत.

त्यात डोळे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि उजवा चांगला पिकलेला. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. "आजी, आणखी थांबलात तर मला काम अवघड आणि तुम्हाला त्रास. ऑपरेशन छोटं आहे. पण नंतर काही दिवस वाकायचं नाही, धावपळ करायची नाही, जड उचलायचं नाही. पडून राहायचं. जमेल?"

न जमायला काय झालं, असं वहिनी म्हणाल्या, आणि बाहेर येऊन त्यांनी तारीख पुढे ढकलली. एकदा नाही, दोनदा. कारण जेवणाखाण्याचं नणंद बघणार होती, औषधं शेजारीण देणार होती, पण दर पाच मिनिटांनी त्या "चला"ला उठणार कोण? शेजारीण एक दुपार सराव म्हणून बसली आणि डोकं धरून गेली. नणंदही बसली. तिचा धीर म्हणजे काडेपेटीतली काडी. थोड्याच वेळात तिचा आवाज जिन्यापर्यंत ऐकू येत होता, "दादा, अरे माणसाने काहीतरी एक बघावं! एक! मग ते रडणं असो की हत्ती!"

"चला," दादा थंडपणे म्हणाला.

"कुठे चला? मी तुझी पॅसेंजर नाही!"

वहिनी बाजारातून आल्या तेव्हा भाऊ-बहीण पाठ फिरवून बसले होते आणि पडदा निळा होता.

मुलाचा फोन दर रविवारी येई. सगळं ऐकून तो म्हणाला, "आई, एवढं सोपं आहे. सगळ्यांना मिळून एकच रिमोट मिळतो बाजारात. युनिव्हर्सल म्हणतात. तो घेऊन टाक. बाबा स्वतःच सगळं करतील."

"तू पाठव."

"अगं, तो तिथेच बघून घ्यावा लागतो. तिन्ही मशिनांशी जुळला पाहिजे."

"मग सोपं कशाला म्हणतोस?" वहिनींनी फोन ठेवला. पण बोलणं डोक्यात राहिलं. एक रिमोट, डाव्या हातात मावणारा. तो दादाला जमला तर त्या ऑपरेशनला मोकळ्या. नाही जमला तर डोळा गेला म्हणायचं. हिशेब इतका सरळ होता.

शोध सुरू झाला मोठ्या, चकचकीत दुकानापासून. तिथे थंडगार हवा, भिंतभर टीव्ही, आणि सगळ्या टीव्हींवर एकच फूल उमलत होतं. विकणारी मुलगी गोड होती. "आजी, तुमचं मॉडेल कुठलं?"

"चौकोनी," वहिनी म्हणाल्या.

मुलीने ओठ दाबले. मग म्हणाली, आता रिमोट कुणी घेत नाही, मोबाइलमध्येच सोय असते. वहिनींनी पिशवीतून आपला फोन काढला. त्यालाही शिवलेली खोळ होती, आणि आत बटणांचा जुना डबा. मुलगी म्हणाली, "अच्छा." त्या 'अच्छा'चा अर्थ वहिनींना कळला. त्या दुसऱ्या दुकानात गेल्या, मग तिसऱ्या. एकाने सांगितलं, तुमचा बॉक्स जुना आहे, बदला. दुसऱ्याने सांगितलं, टीव्हीच बदला. "नवराच बदला म्हणाला नाही, एवढी कृपा," असं वहिनींनी नणंदेला फोनवर सांगितलं.

शेवटी कुणीतरी त्यांना जुन्या बाजाराच्या मागच्या गल्लीत पाठवलं. तिथे रेडिओ, इस्त्र्या, वायरींची भेंडोळी यांची दुकानं. टोकाला एक दुकान नुसत्या रिमोटचं. रबरबँडने बांधलेल्या रिमोटच्या जुड्या छताला टांगलेल्या. आत एक माणूस, आवाजाने पोरसवदा, बाकी वहिनींना नुसता धूसर आकार.

"तिन्ही जुने आणलेत का, ताई?" त्याने विचारलं.

वहिनींनी तिन्ही काढले. त्याने एक नवा रिमोट काउंटरवर ठेवला, आणि जुन्यातला एक त्याच्या समोर, नाकाला नाक लावून. "हा शिकणारा रिमोट आहे. जुना बोलतो, नवा ऐकतो, आणि लक्षात ठेवतो. तुम्हाला कुठली बटणं हवीत तेवढी सांगा."

वहिनींना हे फार आवडलं. "म्हणजे शिकवणीच की रे!"

त्याने हव्या त्या बटणांची शिकवणी करून दिली. सगळ्यांत वरचं दाबलं की सगळं सुरू, मधलं दाबलं की पुढचं चॅनेल, खालचं दाबलं की आवाज. "बाकीची बटणं विसरून जायची. घरी लावून बघा. नाही चालला तर आणा, मी इथेच आहे."

वहिनी घरी आल्या. दादा झोपला होता. त्यांनी खिडकीपाशी बसून शिवणाचं मशिन उघडलं. उरलेलं हिरवं कापड होतं, ऑपरेशनच्या खोलीतल्या चादरींचं, जाड, ओलं झालं तरी पाणी आत न झिरपू देणारं. दादाच्या हातून वस्तू पडते, तोंडातून लाळ गळते, चहा सांडतो, म्हणून कापड दुहेरी घेतलं. खोळीला मागून झडप ठेवली, तिथून रिमोट आत सरकवायचा, आणि पुढचं टोक दुमडून पक्क्या टिपेने बंद केलं. डोळ्यांना काही नीट दिसत नव्हतं, पण त्यांच्या बोटांना कधी दिव्याची गरज पडली नाही. बटणांच्या वर गाठी घातल्या. वरच्यावर एक, मधल्यावर दोन, खालच्यावर तीन. अंगठ्याला लागतील अशा. वहिनींनी आयुष्यात घातलेल्या टिपा रस्त्यावर पसरल्या असत्या तर एखादं गाव ओलांडून गेल्या असत्या, पण ही खोळ सगळ्यांत सरस झाली, असं त्यांना स्वतःलाच वाटलं. खोळ घालण्याआधी रिमोट एकदा दाबून पाहावा, हे काही मनात आलं नाही. चादर वॉर्डात देण्याआधी तिच्यावर कुणी झोपून बघत नाही.

दादा उठला. वहिनींनी खोळ त्याच्या डाव्या हातात दिली, अंगठा एका गाठीवर टेकवला. "दाबा."

त्याने दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. टीव्ही आपला काळाठिक्कर.

"चला?" दादाने विचारलं.

दुसऱ्या दिवशी वहिनी गल्लीत. दुकानदाराची वस्तू दुकानदाराला उघडीच द्यायची, खोळ आपली, म्हणून ती काढून घरी ठेवली होती. "अरे बाबा, हा मुका आहे."

त्याने मोबाइलचा कॅमेरा लावला, रिमोट त्याच्यासमोर धरून बटण दाबलं. "हे बघा ताई, पुढे दिवा लुकलुकतोय. नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, कॅमेऱ्यात दिसतो. रिमोट चांगला आहे."

वहिनींनी मान पुढे केली. मोबाइलमध्ये त्यांना धुकं दिसलं, धुक्यात आणखी धुकं. "मला नाही दिसत."

"लुकलुकतोय हो."

"जे दिसत नाही ते दाखवतोस आणि वर मलाच 'बघा' म्हणतोस?"

त्याने वाद घातला नाही. दुसरा काढला, पुन्हा शिकवणी केली. तो घरी आला, हिरव्या खोळीत गेला, आणि मुका झाला. वहिनी पुन्हा गल्लीत. पुन्हा मोबाइल, पुन्हा धुकं, आणि तोच रिमोट परत घरी. तिसऱ्या वेळेला त्या एकट्या गेल्या नाहीत, तोंडाळ माणूस सोबत हवा म्हणून नणंदेला घेऊन गेल्या. त्या बाबतीत नणंद कधी कमी पडली नाही.

"काय हो," नणंदेने पायरीवरूनच सुरू केलं, "म्हाताऱ्या बाईला दिसत नाही म्हणून टाकाऊ माल गळ्यात मारताय?"

"ताई, तुम्ही तरी बघा. हा कॅमेरा..."

"मला मोबाइलमधले चमत्कार दाखवू नका! घरी टीव्ही लागला की मी मानीन. एका बाईचा डोळा जायची वेळ आलीय तुमच्या या शिकवणीपायी, कळतंय का?" आजूबाजूचे दुकानदार बाहेर आले. कुणी हसलं. नणंदेच्या तोंडाचा पट्टा सुटला की प्रेक्षक बघून तो आणखी धावतो. विश्वास, माणुसकी, गिऱ्हाइकाची हाय, सगळं झालं. वहिनींनी शेवटी जोडलं, "खरं सांग, आईला असला रिमोट दिला असतास का रे?"

खालच्या कप्प्यातून त्याने सील न फोडलेला डबा काढला, त्यांच्यासमोर फोडला, शिकवणी केली. वर एक नवी सेलची जोडी ठेवली. "हे तुमच्याकडे असू द्या. पैसे नकोत. पण ताई, एवढ्यानेही नाही भागलं, तर कृपा करून माझ्याकडे येऊ नका. माझ्याच्याने होत नाही."

"घ्या सेल," नणंद म्हणाली. "गुन्हा कबूल केला म्हणायचं."

सेल तिच्या पर्समध्ये गेले.

तिसरा रिमोट घरी आला, खोळीत सरकला, दादाच्या हातात गेला. अंगठा एका गाठीवर. काही नाही. दोन गाठींवर. काही नाही.

वहिनी खाटेच्या कडेला बसल्या. मग म्हणाल्या, "वन्सं, त्या डॉक्टरीणबाईंना फोन करा. म्हणावं, ही तारीखही रद्द."

"वहिनी..."

"करा हो. मी दमले. मला आता काही शोधायचं नाही. जेवढं दिसतं तेवढं पुरे. चादर विरली की काठ मधे आणता येतात, माणसाचे काठ कुठून आणायचे?"

त्यांचा आवाज चढला नव्हता. फोन हातात घेऊन नणंद नुसती उभी राहिली.

दादा दोघींकडे बघत होता. मग हातातल्या हिरव्या खोळीकडे. एकाएकी त्याने दांडीवर असा टोला दिला की भांडी वाजली. थांबा! त्याने खोळीचं पुढचं टोक दातांत धरलं आणि डाव्या हाताने हिसका मारला. वहिनींची टीप कधी सहज तुटत नाही. त्याने पुन्हा मारला. मान थरथरत होती, तोंडाला फेस आला. तिसऱ्या हिसक्याला शिवण टर्रकन उसवली, रिमोटचं काळं नाक बाहेर आलं, आणि दादाचा अंगठा रागारागात गाठीवर आदळला.

टीव्ही लागला. मोठ्या आवाजात कुणीतरी हवामान सांगत होतं.

"चला!" दादा ओरडला.

नणंद हसायला लागली, मग तिचं तिलाच कळेना की हे हसू आहे का रडू. वहिनी मात्र हसल्या नाहीत. त्यांनी दादाच्या हातातून रिमोट घेतला. उसवलेल्या टोकावरून बोट फिरवलं. दुहेरी कापड, दुमडलेली कड, आणि त्यांच्या टिपेने जिथे झाकलं होतं नेमकं तिथे, गुळगुळीत, वाटाण्याएवढा दिवा. त्यांनी बोटाने तो दाबला. टीव्ही तसाच राहिला. बोट काढलं, बटण दाबलं, चॅनेल बदललं. बोट पुन्हा ठेवलं, बटण दाबलं, काही नाही. असं त्यांनी किती वेळा करून पाहिलं. दादा "चला" म्हणेपर्यंत.

"झाकला होता मी," त्या म्हणाल्या. "तिन्ही वेळा."

"अहो, पण आता चालतोय ना!"

"वन्सं, चोर सोडून संन्याशाला सुळी दिली आपण. त्या पोराला काय काय बोललो? आईपर्यंत गेले मी."

नणंदेने तो विषय तेव्हा टाळला. आधी डॉक्टरीणबाईंना फोन करू, तारीख कायम ठेवा म्हणू, असं ती म्हणाली, आणि तेच महत्त्वाचं होतं.

खोळ वहिनींनी टाकली नाही. उघडा रिमोट दादाच्या हाती देणं त्यांना जमलंच नसतं. उसवलेलं टोक पुन्हा शिवलं, पण या वेळी मधोमध काज केलं, सदऱ्याला करतात तसं, चारी बाजूंनी घट्ट टाक्यांचं. दिवा त्यातून बरोबर बाहेर बघतो. दादाने बोटाने ते काज तपासलं, बराच वेळ, तिकिटाचा खोटेपणा तपासावा तसं. मग दांडीवर दोन टोले. जाऊ द्या.

त्याला शिकायला दिवस लागले. एक गाठ, दोन गाठी, तीन गाठी. चुकलं की तो खोळ फेकून देई. वहिनी ती उचलून पुन्हा हातात देत, आणि सांगत काहीच नसत. शिकवणीचं काम आता गाठींचं होतं.

ऑपरेशनच्या आधीच्या आठवड्यात त्यांनी रंगीत तालीम घेतली. उजव्या डोळ्यावर पट्टी बांधली, आतल्या खोलीत जाऊन आडव्या झाल्या. नणंदेला बाहेरच्या खुर्चीवर बसवलं आणि बजावलं, "काही झालं तरी उठायचं नाही. तोंडही उघडायचं नाही. दुसरं तुम्हाला अवघड जाईल, पण प्रयत्न करा."

बाहेर बातम्या लागल्या. मग एका बाईचं रडणं. मग खेळाची शिट्टी. मग हत्ती. आवाज मोठा झाला, मग आणखी मोठा झाला. एकदा पडदा निळा झाला. नणंदेने खुर्चीचे हात घट्ट धरले. दादाचा अंगठा गाठी चाचपत राहिला, एक, दोन, पुन्हा एक. हत्ती परत आले. "चला," तो पुटपुटला, पण कुणाला हाक म्हणून नाही. स्वतःशीच.

नणंद आत सांगायला गेली तर वहिनी झोपल्या होत्या. पट्टी सरकली होती, तोंड उघडं, एक पाय खाटेबाहेर. दादा आजारी पडल्यापासून त्यांना दुपारी झोपलेलं कुणी पाहिलं नव्हतं. नणंदेने त्यांचा पाय उचलून वर ठेवला. मग बाहेर येऊन भावाशेजारी बसून राहिली, आणि एक काहीतरी बघ असं एकदाही म्हणाली नाही. हे तिच्या हातून कसं घडलं, ते तिलाही सांगता येणार नाही.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. वहिनी सांगितल्याप्रमाणे पडून राहिल्या. म्हणजे निम्म्या वेळी. दादाने त्यांना फारसं उठवलं नाही. पाण्यासाठी, उशीसाठी, बाकी सगळ्यासाठी "चला" होतंच, ते कुठे जातंय? पण टीव्हीसाठी नाही. दुसरा डोळा अजून बाकी आहे. ती तारीख वहिनी म्हणतात, घेऊ. सुजलेले पाय तसेच आहेत. मुलाचा फोन रविवारी येतो. "बघ, मी म्हणालो होतो ना सोपं आहे!" असं तो म्हणाला तेव्हा वहिनींनी फोन न बोलता दादाच्या कानाला लावला. "चला," दादा म्हणाला. बोलणं तिथेच संपलं.

पण ते सेल. वहिनींनी पट्टी सुटल्या दिवशीच विषय काढला. "वन्सं, त्याला जाऊन सांगायला हवं. रिमोट तिन्ही चांगले होते म्हणावं. आणि ते सेल परत द्या. गुन्हा नसताना दिलेला दंड आपल्या घरात नको."

"जाऊ की. दोघी जाऊ."

"तुम्ही एकट्याच गेलात तरी चालेल. बोलण्यात तुमचा हातखंडा."

"तो भांडण्यात आहे. माफी मागण्यात तुम्ही जास्त बऱ्या दिसाल."

असं पुष्कळ दिवस चाललं. मग एकदा थेंबांची बाटली आणायला दोघी बाहेर पडल्या, आणि रस्ता त्या गल्लीवरूनच जात होता. वहिनी काळ्या चष्म्यात. वळणावर त्या थबकल्या. चष्मा वर केला. आत दुकानात तो वाकून काहीतरी जोडत होता. डोक्यावर एक केस काळा नाही, मान हलणारी, हाताला कंप.

"अहो वन्सं," वहिनी हळूच म्हणाल्या, "हा तर म्हातारा आहे! माझ्यापेक्षा मोठा असेल. मी याला अरे-तुरे केलं. आईला दिला असतास का म्हणाले!"

"मला तेव्हाच दिसलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"भांडताना कोण वय बघतं?"

वहिनींनी चष्मा खाली ओढला. "आज नको. आज मी जरा दमलेय. पुढच्या खेपेला."

दोघी रस्ता ओलांडून समोरच्या पदपथावरून गेल्या. परत येतानाही तिकडूनच आल्या. त्यानंतर डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे आणखी तीन-चार खेपा झाल्या, दर वेळी त्याच वळणावरून, दर वेळी पलीकडच्या बाजूने. सेल नणंदेच्या पर्समध्येच आहेत, किल्ल्यांच्या खाली.